टाकी लावलेली फळी

पाठीवरचं ओझं मी आणि त्या अनोळखी पोरीने एकाच वेळी खाली टेकवलं. माझ्या गोणत्यात दोन हातोड्या, दगड टोचायच्या सात टाक्या, एक तवा आणि आत्याबाईंचं घोंगडं होतं. तिच्या पिशवीत काय होतं कळायला मार्ग नव्हता, पण पिशवी माझ्या गोणत्याच्या दुप्पट होती आणि ती वाहणारी पोरगी माझ्या निम्मी. शिवाय तिच्या काखेत एक पांढरी फळी होती. माणसापेक्षा उंच, पुढून निमुळती, आणि वरच्या अंगावर निळ्या रंगाच्या वेड्यावाकड्या रेघा.

जनाकाकी पायरीवर उभी राहून माझ्याकडे, माझ्या सासूकडे आणि त्या पोरीकडे बघत होती. तिच्या नारळाच्या बागेत एक मांगर होता, म्हणजे झावळ्या आणि सोललेल्या नारळांची सोडणं ठेवायची खोप. तीच ती वाटसरूंना राहायला देई.

“ह्या काय गो? होडयेची फळी?” तिने पोरीला विचारलं.

“नाही काकी. लाटेवर उभं राहायची.”

“उभी ऱ्हवान काय करतलंस?”

पोरीने जरा विचार केला. “मग खाली उतरायचं,” ती म्हणाली.

माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, ते फार आवडलं. “म्हंजी आमच्यावाणीच की गं! गाव चढायचं, गाव उतरायचं. राहू दे काकी हिलाबी आमच्यात.”

अशी इरावती आमच्यात आली. मांगरात एका भिंतीला सोडणांचा ढीग, एका भिंतीला आम्ही दोघी आणि मधे ती. फळी आडवी टाकली की दारातून निम्मी बाहेर येई, म्हणून तिने ती छपराच्या वाशाला टेकवून उभी केली. झोपताना वर बघितलं की वाटायचं, कुणीतरी पांढरं नेसून आमच्या उशाशी उभं आहे.

याला तीस वर्षं होऊन गेली. गाव वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला, समुद्राला चिकटून. मी तेव्हा तिशीची असेन, नक्की कुणी मोजलं नव्हतं. आमचा धंदा जात्याला, पाट्याला टाकी लावायचा. दळून वाटून दगड गुळगुळीत होतो, मग तो दाणा धरत नाही, नुसता सरकवतो. अशा दगडावर पोलादी टाकीने बारीक बारीक घाव घालून त्याला पुन्हा खरबरीत करायचं. घाटावर गावोगाव गिरण्या झाल्या, मिक्सर आले, आणि माझ्या पोराला गावी भावकीत ठेवून आम्ही दोघी काम शोधत खाली उतरलो. कोकणात अजून घरोघर पाट्यावर नारळ वाटत होते. जनाकाकीच्या ओळखीने आळीभर काम मिळालं. आत्याबाईंची नजर अधू झाली होती, म्हणून हाका त्या मारायच्या आणि घाव मी घालायची.

समुद्र मी त्याआधी लांबूनच पाहिला होता. पहिल्या सकाळी तोंड धुवायला म्हणून गेले, तर इरावती छातीएवढ्या पाण्यात होती. गुलाबीसर उजेड होता, पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघ अजून उमटली नव्हती, त्यामुळे ती पाण्यात आहे की आभाळात ते कळेना. एक लाट हळूच फुगली. ती फळीवर पोटावर पडून हात मारू लागली, उठायला गेली आणि धाडकन पडली. फळी एकीकडे, ती एकीकडे. मी ओरडले. तेवढ्यात पाण्यातून तिचं डोकं वर आलं आणि ती मोठ्याने हसली.

पुन्हा चढली, पुन्हा पडली, पुन्हा हसली. असं दहा वेळा तरी झालं असेल.

ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, “लागलं न्हाई?”

“लागलं की.” तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं.

“मग हसता कशापायी?”

“नियम आहे.”

“कुणाचा?”

“ह्या फळीचा,” ती म्हणाली आणि पुन्हा पाण्यात गेली.

फळी तिच्या भावाची होती. हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, भाकरी खाताना. गोव्यात एक परदेशी माणूस जाताना ती त्याला देऊन गेला होता. भाऊ लाटांवर उभा राहायला शिकला, बहिणीलाही शिकवायला लागला, आणि मग पुण्यात मोटारसायकलवरून पडला. चार महिने पाठीवर निजून होता. येत्या शुक्रवारी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन होतं.

“उठंल का त्यो?” आत्याबाईंनी सरळ विचारलं.

“डॉक्टर काही बोलत नाहीत.” तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “दादा म्हणाला, मला नाही जमत तर तू उभी राहा. एकदाच. आणि ऑपरेशनच्या आधी फोन करून सांग. खोटं सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय.”

“मग पुन्याला जाऊन त्याच्या उशाशी बसायचं का हितं पान्यात धडपडायचं?”

“आत्याबाई, गप की,” मी म्हटलं.

“त्यानेच हाकललं मला,” इरावती म्हणाली. “म्हणतो, तुझं रडकं तोंड बघून माझी पाठ जास्त दुखते.”

मग मी रोज सकाळी तिच्याबरोबर जाऊ लागले. तिने मला कंबरभर पाण्यात उभं केलं आणि सांगितलं, “लाट आली की फळीला मागून ढकल. मी सांगेन तेव्हा.” मी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि उभी राहिले. पायाखालची वाळू सारखी सरकत होती. भीती वाटत होती, पण ती भीती गोड होती, पाळण्यात बसल्यावर वाटते तशी.

तिसऱ्या दिवसापासून ती सांगायच्या आधीच मला कळू लागलं. फळीवर तळहात ठेवला की पाणी खालून उचलतंय ते हाताला समजे. जातं नीट बसलं की वरचा दगड एका क्षणाला हलका होतो, तरंगल्यासारखा फिरतो. तसंच ते. फळी हलकी झाली की मी ढकलायची.

“तुला कसं कळतं गं चांगुणा?” ती म्हणे.

“हातालाच इचारा.”

संध्याकाळी आम्ही दोघी बाजारात जायचो. तिथे फोनचं बूथ होतं, काचेचं. मी बाहेर थांबे. ती आत उभी राहून बोले आणि काच तिच्या श्वासाने धूसर होई. शब्द बाहेर यायचे ते थोडेच. “नाही रे. अजून नाही.” मग बराच वेळ ऐकत राही. मग, “हो, हसते. खरंच हसते.” बाहेर आली की तिचं तोंड पडलेलं असे. माझ्याकडे बघून ती म्हणे, “चल, भजी खाऊ.”

रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. गुडघ्यांपर्यंत ती उठू लागली होती, पण पाय टेकवला की सरकायचा. बुधवारी सकाळी ती वीस-पंचवीस वेळा पडली असेल. शेवटी फळी वाळूत टाकून तिच्याशेजारी आडवी पडली.

“मेणाची वडी संपली,” ती म्हणाली. ती रोज सकाळी फळीवर कसलीतरी वडी घासायची. मला वाटायचं साबण असेल. “फळी अगदी गुळगुळीत झालीय. पायच धरत नाही.”

मी फळीवरून हात फिरवला. खरंच होतं. काचेसारखी झाली होती.

“आन् उद्या बेस्तरवार,” मी म्हटलं.

“उद्या शेवटचा दिवस.” तिने डोळे मिटले. त्या वेळी काही ती हसली नाही.

दुपारी ती कुठे वडी मिळते का बघायला बाजारात गेली. आत्याबाई सावलीत लवंडल्या होत्या. वारा पडला होता, माडांची सावली वाळूवर जागच्या जागी होती, आणि समुद्राचा आवाज झोपेतून येतो तसा येत होता. मी मांगरात बसून फळीकडे बघत होते.

गुळगुळीत झालीय. पाय धरत नाही. हे शब्द मी जन्मभर ऐकत आले होते, फक्त पायाच्या जागी दाणा असायचा. बाया ते बोलल्या की मी गोणतं खाली ठेवून टाकी काढायची. मी फळी खाली घेतली, दोन्ही बाजूंना सोडणं लावून पक्की केली आणि सगळ्यात बारीक टाकी निवडली.

पहिल्या घावालाच कळलं की हा दगड नाही. आवाज पोकळ होता. म्हणून मी हात हलका ठेवला, अगदी चिमणीने टिपावं तसा. आमच्यात एक रीत आहे. दगडावर आधीच्या हाताच्या खुणा असतील तर त्या मोडायच्या नाहीत, त्यांच्यावरूनच जायचं. ज्याने पहिल्यांदा घडवलं त्याला दगडाचं मन ठाऊक असतं, असं आत्याबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. फळीवर त्या निळ्या रेघा होत्या. कुठे आकडा, कुठे गाठ, कुठे उभा दांडा, वरून एक आडवी ओळ. मला वाटलं, घडवणाऱ्याने टाकी कशी फिरवायची ते आखून ठेवलंय. मी पहिल्या रेघेपासून सुरुवात केली आणि एकही वळण न चुकवता शेवटपर्यंत गेले. मग उरलेली जागा भरली. असं सुबक काम त्याआधी माझ्या हातून झालं नव्हतं.

इरावती परत आली तेव्हा मी फळीवरची भुकटी फुंकत होते.

“बघा आता,” मी म्हटलं. “पाय हालनार न्हाई.”

ती दारातच थांबली. तिच्या हातातली रिकामी पिशवी खाली पडली. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तळहात फळीवर ठेवला.

“चांगुणा,” ती म्हणाली, “हिच्या आत फेस असतो. वरचं हे कवच फोडलं की ती पाणी पिते. पाणी प्यायली की जड होते. बुडते.”

माझ्या हातातली टाकी गळून पडली. आवाजाने आत्याबाई उठून आल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

“आगं अवदसे! दुसऱ्याच्या वस्तूला न इचारता हात लावलास?”

“गुळगुळीत झाली म्हनल्या त्या…”

“म्हनून काय दिसंल त्याला टाकी लावायची? उद्या माझ्या टाळक्याला लावशील!”

मी रडायला लागले. इरावती मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. तिचं बोट त्या निळ्या रेघांवरून फिरत होतं, घावाघावावर थांबत, आंधळं माणूस भिंत चाचपत जातं तसं. टोकापर्यंत गेलं, परत पहिल्यापासून आलं.

“ह्या रेघांवरून का गेलीस?” तिने विचारलं.

“आमच्यात तसंच असतं,” मी हुंदके देत म्हटलं. “आधीच्या हाताच्या खुणा मोडायच्या न्हाईत.”

“कुणाचा हात आहे हा, माहीत आहे?”

“तुमच्या कारागिराचा.”

“दादाचा.”

आणि ती हसू लागली. आधी हळू, मग मोठ्याने, मग पोट धरून. डोळ्यांतून पाण्याच्या धारा चालल्या होत्या आणि ती हसत होती. मला वाटलं, पोरीला वेड लागलं.

“मारा बाई तिला,” आत्याबाई घाबरून म्हणाल्या, “पर हसू नगा असं.”

“नियम आहे, आजी,” ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात जनाकाकी आली. तिने फळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. “आता ह्या काय केलंस गो बाये? पाटो समाजलंस काय हेका?”

“काकी, मेणबत्त्या आहेत?” इरावतीने डोळे पुसत विचारलं.

“आसत मगे. लायटी जातत म्हणान ठेवलंय. किती होयेत?”

“सगळ्या.”

दिवस मावळेपर्यंत आम्ही चौघी फळीभोवती बसलो होतो. जनाकाकी चुलीवर मेण पातळ करून द्यायची, इरावती ते ओतायची आणि मी एकेका घावात अंगठ्याने दाबून बसवायची. आत्याबाईंना दिसत नव्हतं, पण त्या हात फिरवून सांगायच्या, “हितं राह्यलंय. हितं बी.” मेण वाळल्यावर फळी पिवळसर दिसू लागली, खरबरीत, मधमाशांच्या पोळ्यासारखी.

“किती वेळ तग धरंल?” मी विचारलं.

“एक सकाळ,” इरावती म्हणाली. “कदाचित.”

त्या दिवशी ती फोन करायला गेली नाही.

गुरुवारी उजाडताना आम्ही पाण्यात उतरलो. आत्याबाईसुद्धा काठी टेकत वाळूपर्यंत आल्या. धुकं होतं. समुद्र दुधासारखा होता आणि लाटा आवाज न करता येत होत्या. एक लांब, सावकाश लाट दुरून फुगत आली. इरावती हात मारायला लागली तशी आत्याबाई काठावरून ओरडल्या, “पहिली सोडा! टाकी लावल्यावर दळणाची पहिली मूठ टाकून द्यायची असती. कच निघती त्यातनं!”

इरावतीने वळून माझ्याकडे पाहिलं.

“सोडा,” मी म्हटलं. “रीत हाय.”

आम्ही ती लाट जाऊ दिली. ती आमच्या कमरेला लागून हलकेच पुढे गेली आणि वाळूवर जाऊन फुटली. तिच्यामागे दुसरी होती. माझा तळहात फळीवर होता. पाणी उचलू लागलं, फळी हलकी झाली, आणि मी सगळा जीव एकवटून ढकललं.

ती उठली. एक पाय टेकला, तो सरकला नाही. दुसरा टेकला. हात पसरून ती उभी राहिली, आणि तशीच धुक्यातून पुढे पुढे जात राहिली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. किती वेळ ते सांगता येणार नाही. मनात मोजलं तर वीस आकडेही होणार नाहीत. पण अजून कधी डोळा लागता लागता ती मला दिसते, आणि पोचलेली कधीच दिसत नाही, नुसती जात असते.

काठाशी फळी वाळूला लागली आणि ती खाली उतरली. ती हसली नाही, ओरडली नाही. वाळूत बसून राहिली. आत्याबाई चाचपडत तिच्यापाशी गेल्या आणि तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. “झालं का गं बाय?”

“झालं आजी.”

मग तिने मलाही फळीवर चढवलं. मी नको नको म्हणत होते, लुगडं पायात येत होतं. “पोटावर नीज नुसती,” ती म्हणाली आणि ढकललं. जन्मभर मी गावामागून गाव तुडवत आले होते. त्या सकाळी पहिल्यांदा मी हातपाय न हलवता निजले होते आणि काहीतरी मला उचलून नेत होतं. मला उभं राहायचा मोह झाला. गुडघा टेकला आणि कोलमडले. नाकातोंडात पाणी गेलं.

“हस!” इरावती लांबून ओरडली. “चांगुणा, हस!”

मी खोकत खोकत हसले. हसल्यावर भीती गेली. खरंच गेली.

दुपारपर्यंत फळी इतकी जड झाली की आम्हा दोघींना ती उचलवेना. संध्याकाळी बूथच्या काचेतून मला दिसलं, तिने फोन कानाला लावला आणि एकच वाक्य बोलली. मग थोडं ऐकलं, आणखी काही सांगितलं आणि पुन्हा ऐकत उभी राहिली. तिकडून काय येत होतं कोण जाणे, पण तिचे खांदे हलत होते. बाहेर येऊन म्हणाली, “दादाला फळीचं सांगितलं. हसून हसून पाठ दुखली म्हणतो.”

शुक्रवारी पहाटेच्या एसटीच्या टपावर तिने चार माणसांच्या मदतीने ती पाण्याने जड झालेली फळी चढवली. कंडक्टर कटकट करत होता.

“टाकून द्या की आता,” मी म्हटलं. “कशाला न्हेता?”

“त्याला हात फिरवून बघायचंय,” ती म्हणाली.

पुढे त्या भावाचं काय झालं, मला कळलं नाही. पत्ता तिने कागदावर लिहून दिला होता, पण आमच्यात कुणाला वाचता येत नव्हतं आणि तो गोणत्यात विरून गेला. चार-पाच वर्षांत धंदा संपला, पुढे आत्याबाई गेल्या, मी मुलाकडे गावी स्थिर झाले.

साठीच्या जवळ आल्यावर गावातल्या बायांबरोबर मी अक्षरं शिकायला बसले. देवळामागच्या खोलीत, दुपारी. बाई फळ्यावर एकेक अक्षर काढायच्या आणि आम्ही पाटीवर गिरवायचो. बाकीच्यांचे हात थरथरायचे. तिसऱ्या महिन्यात बाईंनी एक नवं अक्षर काढलं. वर दांडी, खाली दोन वळणं, शेवटी शेपूट.

“हे इ. इडलीतलं.”

माझा हात आपोआप फिरला. बाईंनी पाटी पाहिली आणि म्हणाल्या, “तुम्हाला येतं की हो!”

मला येत नव्हतं. माझ्या मनगटाला येत होतं. हे वळण मी आधी घातलं होतं, टाकीने, चिमणीने टिपावं तसं. मी पाटी मांडीवर घेतली, पेन्सिल टाकीसारखी धरली आणि डोळे मिटले. हात थांबला नाही. गाठ, आकडा, उभा दांडा. कुठे थोडं अंतर सोडलेलं, तेही आठवलं. ओळीच्या शेवटाकडे आले तेव्हा वर्गात बाया आपापसात बोलत होत्या, आणि मला लांबून, झोपेतून यावा तसा, समुद्र ऐकू येत होता.

डोळे उघडले. वाचायला मला वेळ लागला. एकेक अक्षर सुटं करून, मग जोडून, बोट ठेवून वाचलं.

इरू, पडलीस की हसायच

एवढंच होतं. पण एक काहीतरी राहिलंय, असं हात सांगत होता. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर रंगाचा एक थेंब होता. मला आठवलं, त्या दुपारी मी तिथे जरा थबकले होते. हा सांडलेला रंग की खूण, ते कळेना. मग म्हटलं, आधीच्या हाताने ठेवलंय तर असू दे.

मी पेन्सिल उभी धरली आणि ते टिंब दिलं. त्याला एकच घाव लागतो.